ज्याचं त्याच्या पाण्यात

आमच्या घरात पाणी गाळून प्यायचे, यात सांगण्यासारखं काही नाही. आता सगळेच गाळतात. पण गाळून झाल्यावर फडक्यात जे वळवळत उरतं, त्याचं तुम्ही काय करता? मोरीत झटकता, दुसरं काय! आम्ही ते घरी पोचवायचो. म्हणजे ज्या पाण्यातून आलं त्याच पाण्यात परत. फडकं उलटं धरायचं, वरून गाळलेलं पाणी हळूहळू सोडायचं, सगळे जीव एका भांड्यात उतरवायचे आणि विहिरीवर जायचं. तिथंही वरून ओतायचं नाही. एवढ्या उंचीवरून पडले तर त्यांची हाडं मोडतील, असं मला सांगितलेलं. त्यांना हाडं नसतात हे मला पुढे कळलं, पण तोवर हाताला सवय लागली होती. आमच्या एका बादलीच्या बुडाला कडी होती आणि दोर तिच्यात असा अडकवायचा, की बादली पाण्याला टेकल्यावरच कलंडायची. फडक्यात उरलेल्या त्या जिवांना आमच्यात जिवाणी म्हणतात.

घरात हे काम भुवाचं. भुवा म्हणजे आत्या, माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आमचे पूर्वज मारवाडातून जुन्नरला येऊन दुकान घालून बसले, त्याला किती पिढ्या झाल्या कुणास ठाऊक. घरात बोलायचो मराठीच. काही नाती आणि पाण्याचे नियम तेवढे तिकडचे राहिले होते.

भुवाला लोणी गावात दिली होती. दिली म्हणजे काय, लग्न लागलं, चार सणांना जाऊन आली, आणि नांदायला जायच्या आतच नवरा गाठीच्या तापात गेला. त्याचं तोंड तिला धड आठवत नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "कान मोठे होते बघ." एवढीच तिची संसाराची आठवण. मी परकर नेसणारी पोर आणि ती विशीच्या आतबाहेर, पण आमच्या दोघींचं मेतकूट असं जमलेलं, की आई म्हणायची, "हिला जन्म मी दिला, हे हिला सांगा कुणीतरी."

मी चिडकी होते. अजून आहे. भुवा चिडायची नाही, ती हट्ट धरायची. आरडाओरडा नाही, रडणं नाही. एकदा मनात घेतलं की बसली मांडी घालून. त्या पावसाळ्यात जुन्नरच्या आमच्या जैन स्थानकात साध्व्यांचा मुक्काम होता. भुवा रोज व्याख्यानाला जाई. चातुर्मास संपता संपता एक दिवस जेवताना तिनं वडिलांना सांगितलं, "भाऊ, मला दीक्षा घ्यायची आहे."

वडिलांच्या हातातला घास हातातच राहिला. आमच्यात घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय दीक्षा देत नाहीत. वडील नाही म्हणाले. भुवानं ताटातलं तूप बाजूला सारलं. तू हो म्हणेपर्यंत तूप बंद, म्हणाली. झालं! मग आईनं समजावलं, शेजारणींनी समजावलं, आणि ही आपली कोरडी भाकरी खातेय. मला तेव्हा दीक्षा म्हणजे काय ते एवढंच माहीत होतं, की साध्वी झालेली बाई पुन्हा घरी येत नाही. गावोगाव पायी हिंडते, आणि आपल्या माणसालाही आपलं म्हणत नाही.

तेवढ्यात गावात उंदीर पडायला लागले. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना पुढचं सांगायला नको. उंदीर पडले की गाव सोडायचं. माणसं गाड्यांत भांडीकुंडी घालून रानात, मळ्यात, झोपड्या बांधून राहायची. आम्हीही गावाबाहेरच्या आमच्या मळ्यात आलो. निघताना वडील भुवाला म्हणाले, "माणसं मरतायत आणि तुला दीक्षा सुचतेय. साथ सरू दे, घरी परतू, मग बघू."

"बघू म्हणजे हो ना?" भुवानं तिथंच धरलं.

"हो गं बाई, हो. आता गाडीत बस."

ती बसली, आणि मळ्यात पोचल्यावर पहिल्या जेवणाला तिनं भाकरीवर तूप वाढून घेतलं. ते तूप पाहून मला कळलं, ही आता जाणार.

मळ्यात विहीर होती. मोटेचं पाणी दगडी थारोळ्यात पडे, तिथून पाटानं बागेतल्या हौदात येई आणि हौदातून पेरूच्या नि केळीच्या झाडांना जाई. हौद कुणी बांधला ते ठाऊक नाही. कडेचे दगड गुळगुळीत झालेले, एका कोपऱ्यात गाळ साचून त्यात लव्हाळा माजलेला, मधे कुमुदाची पानं. प्यायला विहिरीचं पाणी, धुण्याभांड्याला हौदाचं. दोन्ही गाळायचं. म्हणजे दोन फडकी, दोन भांडी, दोन जिवाण्या, आणि त्यांची सरमिसळ होता कामा नये. विहिरीतला जीव हौदात गेला तर त्याला ते ऊन, तो गाळ सोसत नाही. हौदातला विहिरीत गेला तर त्याला खायला मिळत नाही. भुवाचं एकच पालुपद, "ज्याचं त्याच्या पाण्यात."

पण एक दिवस मीच दोन भांडी शेजारी शेजारी ठेवून दिली, आणि कुठलं कशातलं ते कळेना. भुवा रागावली नाही. भांडी उन्हात धरून वाकली नि म्हणाली, "ये, ओळखू या एकेकाला." तिथून आमचं ते वेड सुरू झालं.

मळ्यात दुसरं करायला होतं काय? दुकान बंद, गावात जायचं नाही, कुणाकडे यायचं-जायचं नाही. सकाळी पाणी गाळून झालं की आम्ही दोघी हौदाच्या काठावर पालथ्या. काचेचा एक दिव्याचा मोठा पेला फुटका निघाला होता, त्याची कड तासून भुवानं तो पाहायला घेतला. आम्हाला नावं माहीत नव्हती, मग आम्हीच ठेवली. पाण्याच्या पापुद्र्याला शेपटी लावून उलट्या लटकणाऱ्या अळ्या, त्या 'शीर्षासनवाल्या'. पाठीवर निजून दोन वल्ही मारत जाणारा काळा किडा, ती 'उताणी काकू', कारण आमची एक चुलतकाकू दुपारी अशीच निजायची. काड्या-वाळू अंगाला चिकटवून त्या पिशवीतून नुसतं तोंड बाहेर काढणारी अळी, ती 'पडदानशीन'. गाळातल्या कुंकवासारख्या लाल अळ्या, टाचणीच्या टोकाएवढे टुणटुण उडणारे पांढरे ठिपके, जळवा, शंख, बेडकाची शेपटीवाली पिल्लं. विहिरीत शीर्षासनवाल्या फारशा नसत, उडते ठिपके असत. लाल अळी दिसली की हौद. आठवडाभरात भुवा भांड्यात नुसतं डोकावून सांगू लागली.

आणि कोण मोठेपणी काय होतं, तेही आम्हाला पाहायचं होतं. शीर्षासनवाल्यांना आम्ही पेल्यात ठेवून वर फडकं बांधलं. त्या आधी स्वल्पविरामासारख्या वाकड्या झाल्या आणि एके सकाळी फडक्याखाली डास! भुवानं फडकं सोडून ते अलगद बाहेर उडवले. आईनं पाहिलं मात्र, कपाळाला हात लावला. "साऱ्या जगाला डास चावतात, आणि या दोघी पाळतायत! उडवलेत ते कुणाला चावणार गं? मलाच ना?"

भुवा हसून हसून खाली बसली. तिला असं हसताना मी गावातल्या घरात कधी पाहिलं नव्हतं. घरी ती डोक्यावरचा पदर सावरत भिंतीकडेनं चालायची, हळदीकुंकवाला बायका आल्या की माजघरात जायची. मळ्यात येणारं-जाणारं कुणी नव्हतं, म्हणून की काय, तिचा पदर खांद्यावर यायचा, आणि कोपरापर्यंत हात सदा ओले. तिचे हात मला अजून दिसतात. गोरे, बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडलेले, आणि पाण्यातून बाहेर आले तरी जरा वेळ ओंजळीसारखेच राहणारे.

मग एक दिवस 'तो' सापडला. धुण्याचं पाणी गाळताना फडक्यात एक मातकट, कुरूप, सहा पायांचा प्राणी आला. डोकं मोठं, डोळे बटबटीत, अंगावर गाळ माखलेला. सहा पायांचा म्हणाले खरी, पण पायच होते पाच. मागचा एक तुटला होता. लगेच नाव पडलं, लंगडा.

मळ्यातली माळीण आली, वाकून पाहून दोन पावलं मागं सरली. "आवं ताई, सोडा त्याला! पाण्यातला इच्चू हाय त्यो. लई वंगाळ."

"विंचवाला नांगी असते मावशी," भुवा म्हणाली. "याला कुठाय?"

"मग झुरळ व्हईल त्याचं मोठेपनी," माळीण ठासून म्हणाली. "आमी लहानपनापासनं बघतो, काय कळत न्हाई व्हय आमास्नी?"

भुवाला ते पटेना, मलाही. आणि त्या क्षणी मला जी बुद्धी सुचली ती सुचली. मी म्हटलं, "भुवा, हा कोण आहे ते कळेपर्यंत तू दीक्षा घ्यायची नाहीस."

मला वाटलं, हसण्यावारी नेईल. पण भुवा कुठलीच गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. तिनं विचार केला, फडक्यातल्या लंगड्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं. हा कोण ते कळल्याशिवाय नाही जाणार. नेम घेतला."

आमच्यात नेम घेतला म्हणजे घेतला, तो मोडत नाहीत. मी उड्या मारत झोपडीत गेले. तो दिवसभर मी त्या लंगड्याला मनातल्या मनात म्हणत होते, बाबा रे, असाच राहा. मोठा होऊ नकोस. अजून शंभर वर्षं असाच गाळात बस.

आता लंगड्याला खायला काय घालायचं? आमची अक्कल आमच्या स्वयंपाकघराएवढी. भुवानं त्याला पेल्यात ठेवला आणि भिजवलेले मूग घातले. शिवेना. मग बाजरीचं पीठ कालवून घातलं. पाणी गढूळ झालं, पीठ तसंच. मग वाटलं, मूग कच्चे आहेत म्हणून खात नसेल. तर शिजवलेले मूग घातले. मी म्हटलं, मीठ घालू का? सांगते काय, त्या किड्याचे चांगले उपास घडवले आम्ही! दिवसेंदिवस तो मलूल व्हायला लागला. भुवाच्या जिवाला घोर. तिनं स्वतःही त्या दिवसांत नीट जेवण केलं नाही.

शेवटी तिनं त्याला हौदाच्या कडेला, उथळ पाण्यात, हातावर धरून जरा मोकळा केला. एक शीर्षासनवाली वळवळत त्याच्या पुढून गेली. लंगड्याच्या हनुवटीखालून हातासारखं काहीतरी सपकन बाहेर आलं, तिला धरलं आणि तोंडात घातलं. डोळ्याचं पातं लवलं नाही तोवर खलास. मग दुसरी. मग तिसरी. त्याच्या अंगात जीव आलेला आम्हाला दिसत होता.

भुवानं हात पाण्यातून काढला नाही. त्याला झटकलं नाही, आणि त्या अळ्यांना वाचवलंही नाही. म्हणाली, "आपण त्याला उपाशी मारत होतो गं. आणि आता हा त्यांना मारतोय. काय करायचं माणसानं?"

"तू कशाला काही करायचंस?" मी चिडले. "त्याचं तो खाईल!"

"तेच तर," ती म्हणाली. "घरात राहून काही न करता बसताच येत नाही."

तेव्हा मला ते बोलणं उगाचच लांबण वाटलं. आज वाटतं, तिचं जाणं खरं तर तिथंच, त्या पाण्यात, पक्कं झालं. पण नेम होता. माळणीकडून एक जुनी दुरडी आणून आम्ही ती लव्हाळ्याच्या कोपऱ्यात दगड घालून बुडवली, वर जराशी उघडी राहील अशी, आणि लंगड्याला तिच्यात सोडला. बारीक जीव विणीतून आत-बाहेर करत. त्याचं तो खाई. भुवा तेवढा वेळ तिकडे बघायची नाही.

माघ गेला, फाल्गुन गेला. लंगडा दुरडीत वाढत होता. मधूनमधून कात टाकायचा. ती पोकळ कातडी पाण्यावर तरंगताना दिसायची. आणि एका कातीनंतर बघतो तर काय, तुटलेल्या पायाच्या जागी बारीक दोऱ्याएवढा नवा पाय! भुवा दिवसभर सगळ्यांना सांगत सुटली. वडिलांना सांगितलं, माळणीला सांगितलं, मोटेच्या बैलालासुद्धा सांगितलं असेल. "तुटलेलं परत येतं बघ," ती मला म्हणाली. मी म्हटलं, "मग तूही इथंच राहा की." त्यावर ती माझी वेणी सोडून परत घालायला बसली.

पण मला एक दिसत होतं. लंगड्याच्या पाठीवर चार चपटे पापुद्रे फुटले होते, आणि दर कातीला ते वाढत होते. पंख नाहीतर काय ते! हौदावर चतुर घिरट्या घालायचे ते आम्ही रोज बघायचो. लांब अंग, जाळीचे पंख, बटबटीत डोळे. तसलेच बटबटीत डोळे या दुरडीत. मला कळत होतं. आणि मला वाटतं, तिलाही कळत होतं. पण तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. अनुमान म्हणजे काही कळणं नव्हे, असं मी स्वतःला बजावत होते. डोळ्यांनी दिसेल तेव्हा खरं.

ऊन तापायला लागलं तशी साथ ओसरली. गावात जाऊन आलेली माणसं सांगू लागली की आता परतायला हरकत नाही. आई भांडी आवरू लागली. चैत्रातल्या एका सकाळी, फटफटलं होतं तेवढंच, मी तोंड धुवायला हौदावर गेले. भुवा विहिरीवर होती. आणि लव्हाळ्याच्या एका काडीवर, पाण्याच्या वीतभर वर, लंगडा बसला होता. पाण्याबाहेर! आजवर कधी तो बाहेर आला नव्हता. सहा पायांनी काडी घट्ट धरलेली, सहावा पाय आखूड. आणि माझ्यादेखत त्याची पाठ उकलली.

मी एकटी होते. गप्प बसले असते तर तो त्याच्या वाटेनं उडून गेला असता, दुरडी रिकामी झाली असती, आणि भुवाला कधीच कळलं नसतं. ती नेमाला जागून राहिली असती. हे सगळं मला त्या क्षणी लख्ख समजत होतं, अगदी आता लिहिते आहे इतकं. पण त्या उकललेल्या पाठीतून काहीतरी ओलं, फिकट हिरवं बाहेर येत होतं, ते मागं कलंडून निर्जीवासारखं लटकलं, मग एकदम उसळून त्यानं स्वतःचीच कात धरली. आणि बाई, असं काही एकटीनं बघवत नाही. ज्याच्याबरोबर वाट पाहिली तो शेजारी नको का? मी जीव खाऊन ओरडले, "भुवाऽ! ये लवकर! लंगडा निघालाय!"

ती बादली तिथंच टाकून धावत आली. पदर मागे लोळत होता. आम्ही काठावर पालथ्या पडलो, डोक्याला डोकं लावून. चुरगळलेले पंख हळूहळू सरळ झाले, काचेसारखे झाले. अंगावर रंग चढला. ऊन आलं. पंख एकदा थरथरले, दोनदा थरथरले.

"चतुर गं!" भुवा कुजबुजली. "आपला लंगडा चतुर!" तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललं होतं आणि ती हसत होती.

तो उडाला. हौदावरून एक फेरी मारली आणि पेरूच्या झाडापलीकडे गेला. काडीवर कात तेवढी राहिली. भुवानं डोळे पुसले, माझ्याकडे पाहिलं. नेम पुरा झाला, हे तिनं बोलून दाखवलं नाही, तेच मला सोसलं नाही.

"कळला ना कोण ते?" मी ओरडले. "मग जा आता! जा!" आणि पाय आपटत झोपडीत गेले, आईच्या कुशीत तोंड खुपसून रडले. आई विचारत राहिली, काय झालं, काय चावलं? मी काय सांगणार, कपाळ?

वैशाखात जुन्नरात दीक्षा झाली. गाव लोटला होता. पांढऱ्या वस्त्रांत, तोंडावर मुहपत्ती बांधून ती बाहेर आली तेव्हा मला पटकन ओळखूच आली नाही. मुहपत्तीवर नुसते डोळे. सगळे वाकून वंदना करत होते, आईनं मलाही वाकवली. दुसऱ्या दिवशी त्या साध्वी ओतूरच्या वाटेनं विहार करत गेल्या. मी वेशीपर्यंत गेले. तिनं मागं वळून पाहिलं नाही. तसा नियमच आहे म्हणे.

घरी आल्यावर मला कुणीतरी सांगितलं, की साध्वी कच्च्या पाण्याला हात लावत नाहीत. उकळलेलं पाणी तेवढं घेतात; कच्चं पाणी हाच एक जीव, त्याला स्पर्श करायचा नाही. नदी, विहीर, हौद, काहीच नाही. म्हणजे तो हात आता कधी पाण्यात जाणार नव्हता. मी त्या दिवशी तिची जिवाणीची बादली उचलली. पुढं लग्न होईपर्यंत ती कुणाला दिली नाही.

मला ओतूरला दिली. सासर आमच्यासारखंच, दुकानदाराचं. मागच्या परसात केळीच्या पायथ्याशी लहानसा हौद होता, ते पाहून माझा निम्मा जीव भांड्यात पडला. थोरली जाऊ भली बाई, पण मी पाणी गाळून त्यात तासभर बघत बसते म्हटल्यावर ती म्हणायची, "तू जिवाणी सोडायला जातेस की माहेरी?" तिला काय सांगू, की तिथंच जाते म्हणून! तिथल्या लाल अळ्या, तिथली पडदानशीन, उताणी काकू, सगळी ओळखीची. ओळख पटली की हाक मारून सांगावंसं वाटायचं आणि शेजारी कुणी नसायचं. दर चैत्रात मी लव्हाळ्याच्या काड्या बघत असे. रिकामी कात दिसली की दिवसभर पुन्हा पुन्हा हौदावर जाई. अशी किती वर्षं गेली. मला मुलं झाली, माझ्याच केसांत पांढरं दिसायला लागलं. साध्वी येत, जात. ती कधी आली नाही.

आणि एका सकाळी जाऊ धावत परसात आली. "अगं, स्थानकात साध्वी आल्यात. जुन्नरच्या आहेत म्हणे एक." तिनं जे वय नि जे माहेर सांगितलं त्यावरून ती भुवाच.

आता हे समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. साध्वींना जेवायला बोलवता येत नाही. त्यांच्यासाठी म्हणून रांधताही येत नाही. जेवणाच्या वेळी त्या आपल्या आपण निघतात, वाटेल त्या घरात शिरतात, आणि घरात जे झालेलं असेल त्यातलं थोडं घेतात. तेही कुणाच्या हातचं? ज्याचा हात कोरडा असेल त्याच्या. हाताला कच्च्या पाण्याचा थेंब असला तरी त्याच्या हातचं घेत नाहीत. म्हणून ज्या घराला आस असते ते घर त्या वेळी हात कोरडे ठेवून दाराशी वाट बघतं.

मी पाणी गाळून ठेवलं होतं, जिवाणी सोडायची राहिली होती. तशीच ती केळीच्या सावलीत सरकवली, हात पुसले, खडखडीत कोरडे केले. भाकरी झाल्या होत्या, मुगाचं वरण झालं होतं. घरच्यांसाठीच केलं होतं, हे मी कुणालाही सांगेन. आणि दाराशी बसले. पाणी प्यायले नाही, मुलाचं तोंड धुतलं नाही. एवढंच मागत होते, की तिच्या पात्रात माझ्या हातानं अर्धी भाकरी पडावी. बोलू नको, ओळख देऊ नको, पण हे तरी. ती माझी कुणी नाही, मान्य. पण देणारा हात आणि घेणारा हात एवढं तरी नातं राहू दे.

ऊन चढलं. समोरच्या आळीत त्या जाऊन आल्या असं कळलं. मग काहीच कळेना. जाऊ म्हणाली, "आज नाही येत आता. पुरेसं मिळालं की परततात त्या." मी तरी बसले. मग सहज परसात नजर गेली. सावली सरकली होती. जिवाणीचं भांडं भर उन्हात.

धावत गेले. पाणी कढत व्हायला लागलेलं. शीर्षासनवाल्या तळाशी पडलेल्या, एक मातकट पोर, पाठीवर पापुद्रे फुटलेलं, भांड्याच्या कडेला चढू बघत होतं. मी क्षणभर दाराकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता. मी भांडं उचललं, हौदाशी बसले, भांडं पाण्याला टेकवून कलतं केलं आणि अडकलेल्यांना बोटांनी मोकळं केलं. कोपरापर्यंत हात पाण्यात. ते मातकट पोर गाळात गेलं.

मागं जावेचा आवाज आला, "या महाराज, पधारा."

वळले. परसाच्या दारात दोन साध्वी उभ्या होत्या. एक तरुण. दुसरी वाळलेली, काखेत ओघा म्हणजे जीव झाडायचा लोकरीचा कुंचा, मुहपत्तीवर डोळे. तेच डोळे. मी उठले. हातांतून पाणी निथळत होतं.

जावेनं भाकरी वाढली. वरण वाढलं. माझ्या घरात, माझ्या चुलीवरची भाकरी तिच्या पात्रात पडली आणि मी दहा हात दूर उभी. मला सुचेना. मी घाईघाईनं पदरानं हात पुसायला गेले.

"पुसू नका, बाई," ती म्हणाली.

तुम्ही. तिनं मला तुम्ही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा. पुसलं असतं तर त्या पाण्याची हिंसा तिच्या निमित्तानं झाली असती, हे मलाही माहीत होतं. मी हात तसेच पुढं धरून उभी राहिले. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. माझ्या हातांकडे बघत होती. मग बाजूला पडलेल्या भांड्याकडे, मग हौदाकडे.

"ज्याचं त्याच्या पाण्यात?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हटलं.

ती जरा वेळ तिथंच थांबली. घ्यायचं ते घेऊन झालं होतं, थांबायचं काही कारण नव्हतं. तरुण साध्वी दारापर्यंत गेली, वळून पाहू लागली. मग तीही निघाली. आमच्या घरूनच त्या थेट ओतूर सोडून निघाल्या. मागून पोचवायला जावं, वेशीपर्यंत तरी जावं; पण ओल्या हातांनी जायचं कसं? आणि पुसू नको म्हणाली होती. मी हौदाशी तशीच उभी राहिले, हात समोर धरून. ते आपले आपण वाळेपर्यंत ती वेशीपार झाली होती.